अँप मधेच 'टक' करतो, आवाज जातो, पाच सेकंदांनी परत येतो. काय असेल?

माहीमकर
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची पाळी आली. आमच्याकडे जुना स्टिरिओ अँप म्हणजे अँप्लिफायर आहे, काकाने १९९१ ला मस्कतहून येताना आणलेला, जपानी बनावटीचा, चॅनेलमागे ६० वॅट. मागच्या पट्टीवर २४० व्होल्ट ५० हर्ट्झ असं छापलंय, म्हणजे व्होल्टेजचा घोळ नाही. त्याला टर्नटेबल, एक सीडी प्लेयर आणि हल्ली मोबाईल जोडतो. स्पीकर ८ ओहमचे.

प्रॉब्लेम असा की महिनाभर झाला, गाणं मस्त चालू असतं आणि अचानक आतून 'टक' आणि आवाज गायब. अँपवरचा दिवा चालूच असतो. चारपाच सेकंद शांतता, मग परत 'टक' आणि आवाज सुरू, जसं काही झालंच नाही. कधी तासात तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही. त्यामुळे डोकं जास्त फिरतं, पूर्ण बंद पडला असता तरी परवडलं असतं.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. स्पीकरच्या वायरी बदलल्या, काही फरक नाही. मग रिक्षात घालून एका मेकॅनिककडे नेला, त्याने आठ दिवस ठेवला, रोज दिवसभर वाजवला म्हणे आणि एकदाही बंद पडला नाही. सहाशे रुपये सर्व्हिसिंगचे घेऊन परत दिला आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सव्वासातला टक.

माझा संशय सोसायटीच्या पंपावर आहे, कारण बहुतेक वेळा हे संध्याकाळी सात ते आठमध्ये होतं आणि आमच्याकडे पाणी सहाला येतं, सातच्या सुमारास पंप चालतो. बिल्डिंग १९७८ ची, वायरिंग अर्धं नवीन अर्धं जुनं, घर तिसऱ्या मजल्यावर, समुद्र हाकेच्या अंतरावर. स्टॅबिलायझर घेऊ का? की अँपच गेलाय?


ठाण्याचा_खटपट्या
रविवार, सकाळी ८:०५

दिवा चालू राहतो ना, मग लाईटचा काही संबंध नाही, पंपाला सोडून द्या. हे प्रोटेक्शन आहे. अँपच्या आत स्पीकरच्या वाटेवर एक रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच असतो, तोच टक करतो. चालू केल्यावर तीनचार सेकंदांनी जो टक येतो तोही तोच. आउटपुटवर डीसी (एकाच दिशेची वीज) आला, किंवा वायर शॉर्ट झाली, किंवा फार तापला की तो स्पीकर तोडून टाकतो म्हणजे स्पीकरची कॉइल जळत नाही. म्हणजे तुमच्या अँपला आत काहीतरी दुखतंय आणि तो मधूनमधून कण्हतोय असं समजा.

घरी करण्यासारखी टेस्ट सांगतो. मल्टिमीटर असेल तर दोन्ही स्पीकर काढा, आवाज शून्यावर ठेवा, अँप चालू करून दहा मिनिटं थांबा आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलमध्ये बघा. ५० च्या आत असेल तर ठणठणीत. शंभराच्या वर असेल, किंवा आकडा सारखा वरखाली पळत असेल, तर ट्रान्झिस्टर नाहीतर बायसचं (ट्रान्झिस्टरला सतत दिलेल्या थोड्या करंटचं) काहीतरी आहे. आणि मागे टर्मिनलपाशी वायरचा एखादा केसासारखा तंतू बाजूच्याला चिकटलेला नाही ना तेही बॅटरी लावून बघा, माझ्या मेव्हण्याचा अँप एका तंतूने गेलाय.


बेसुरा_बंडू
रविवार, सकाळी ९:२२

ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि मोकळे व्हा. १९९१ चा अँप म्हणजे तो आता रिटायरमेंट मागतोय.


माहीमकर
रविवार, सकाळी १०:१५

@बंडू, काका गेला तीन वर्षांपूर्वी, अँप त्याचा आहे, त्यामुळे तो ऑप्शन नाही.

@खटपट्या, बघितलं. डावीकडे ११ मिलिव्होल्ट, उजवीकडे १८. अर्धा तास मीटर लावून बसलो, जेमतेम एकदोन इकडेतिकडे. तंतूबिंतू नाही.


ठाण्याचा_खटपट्या
रविवार, सकाळी १०:५०

मग ऑफसेट, म्हणजे आउटपुटवरचा डीसी, चांगलाय. हं. मग तापत असेल. वर काही ठेवलंय का?


माहीमकर
रविवार, सकाळी ११:०२

वर काही नाही, शोकेसच्या वरच्या फळीवर उघडाच आहे. हात ठेवला तर कोमट लागतो.


जुना_सोल्डर
रविवार, दुपारी ३:३०

जेवून झोपणार होतो पण हे वाचलं आणि झोप गेली. खटपट्या, राग मानू नकोस पण "दिवा चालू आहे म्हणजे लाईटचा संबंध नाही" हे अर्धंच खरं आहे आणि या अर्ध्या सत्यापायी मी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लोकांचे चांगले अँप उगाच खोललेले बघितलेत, माझ्या हातूनही झालंय ते.

आत काय चालतं ते जरा बघा. ट्रान्सफॉर्मरनंतर मोठे कंडेन्सर असतात, प्रत्येकी दहा हजार एमएफडी (मायक्रोफॅरड) वगैरे. मेनचा पुरवठा अर्धा सेकंद गेला तरी ते भरलेले असतात, दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्या काळातल्या जपानी अँपात प्रोटेक्शनला बरेचदा एक आठ पायांची आयसी (चिप) असते, यूपीसी १२३७ नावाची, आणि तिचा एक पाय, चौथा, खास मेनवर नजर ठेवायला असतो. ट्रान्सफॉर्मरकडून एसी यायचा थांबला की ती तत्काळ रिले सोडते. ते मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे तुम्ही बटन बंद केल्यावर स्पीकरमधून धडाम असा आवाज येऊ नये म्हणून. आता मेन क्षणभर गेली आणि लगेच आली तर दिवा तसाच राहील, रिले मात्र पडेल, आणि परत लागताना सुरुवातीचे चार सेकंद पुन्हा मोजेल. म्हणजे तुम्ही जे लिहिलंय ते शब्दशः हेच.

म्हणून आधी अँप खोलायचा नाही. आधी भिंत बघायची.

टेस्ट सोपी आहे. एक झिरोचा बल्ब घ्या, पण तारेचा, जुना, पिवळा. एलईडी नको, त्याच्या आतही कंडेन्सर असतो, तो लपाछपी खेळेल. तो होल्डरमध्ये घालून अँपच्याच पॉइंटवर अँपच्याच बरोबर लावा आणि अँपशेजारी डोळ्यासमोर राहील असा ठेवा. झिरोच्या बल्बची तार बारीक असते, पटकन थंड होते, त्यामुळे लाईट जरा जरी तुटली तरी डोळ्याला कळतं. टक झाला आणि बल्ब लुकलुकला तर दोष अँपच्या बाहेर. बल्ब स्थिर राहिला तर आपण आत बघू, तेव्हा सांगतो कुठे बघायचं.

स्टॅबिलायझर अजिबात घेऊ नका. घरी वापरायचे बहुतेक स्टॅबिलायझर रिलेवालेच असतात, ते स्वतःच टप्पा बदलताना टकटक करून क्षणभर लाईट तोडतात. एक टक घालवायला दुसरा टक विकत घ्यायचा.


परळचा_पिंट्या
रविवार, संध्याकाळी ५:४५

आमच्या टेपला असंच व्हायचं, फ्यूजची क्लिप सैल होती. मी फ्यूज काढून सरळ तांब्याची तार गुंडाळली, चार वर्षं झाली, काय झालं नाही.


जुना_सोल्डर
रविवार, संध्याकाळी ६:१०

पिंट्या, चार वर्षं काय झालं नाही कारण चार वर्षांत आत काही शॉर्ट झालं नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळेल आणि नशीब असेल तर पडदे वाचतील. क्लिप सैल होती हे निदान बरोबर होतं, औषध चुकलं. नोज प्लायरने क्लिप जरा आवळायची, काळी पडली असेल तर साफ करायची, आणि काचेचा फ्यूज छापलेल्या आकड्याचाच लावायचा. आज रात्री बदल. दहा रुपयांचा फ्यूज आहे रे.


परळचा_पिंट्या
रविवार, संध्याकाळी ६:१८

ओके काका 🙏


माहीमकर
शुक्रवार, रात्री १०:३०

पाच दिवसांनी येतोय, सॉरी, पण रिझल्ट हवा म्हणून थांबलो. झिरोचा बल्ब लावला. तारेचा मिळायला दोन दुकानं फिरावी लागली, दुकानदार म्हणाला आता हे कोण नेतं. सोमवारी काही नाही, मंगळवारी नाही, बुधवारी सव्वासातला टक झाला आणि मी बल्बकडेच बघत होतो, हललासुद्धा नाही. गुरुवारी दोनदा, आज एकदा. बल्ब स्थिर.

पंपाचं पण बघितलं, वॉचमनला पटवून त्याने पंप चालू-बंद केला की मला मिस कॉल द्यायचा असं ठरवलं (त्याला वाटत असेल साहेबांचं डोकं फिरलंय). पंप चालू होताना टक नाही, बंद होताना नाही. पण टक होतो त्याच तासाभरात, हेही खरं.

म्हणजे दोष आतच ना? उद्या खोलू का?


ठाण्याचा_खटपट्या
शुक्रवार, रात्री १०:४१

मी म्हटलं होतं 😌


जुना_सोल्डर
शनिवार, सकाळी ७:५०

बल्ब हलला नाही म्हणता, तर मग आत. पण आधी ऐका. बटन बंद, पिन काढून ठेवा, तासभर थांबा, आणि तरीही मोठ्या कंडेन्सरना हात लावू नका. त्यांच्यात साठलेलं असतं. लोक स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करतात आणि ठिणगी उडाली की हसतात, तसं करायचं नाही, शंभर ओहम पाच वॅटचा रेझिस्टर चिमट्यात धरून दोन टोकांना टेकवायचा आणि मीटरने शून्य झालं का बघायचं.

मग नुसते डोळे वापरा. दोन गोष्टी शोधा. एक, रिलेचे पाय, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी लागतात तिथले पाय आणि हीटसिंकवर (उष्णता घालवायच्या धातूच्या तुकड्यावर) बसवलेल्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) पाय, यांच्या सोल्डरभोवती गोल बारीक चीर. ड्राय सोल्डर. तापून-थंड होऊन पाय सुटतात, दिसताना सगळं जोडलेलं दिसतं. दुसरं, कंडेन्सरच्या बुडाशी गोंद. नवीन असताना तो पिवळट असतो, तीस वर्षं तापला की तपकिरी, कडक होतो आणि मग तो गोंद राहत नाही, त्यातून करंट झिरपतो आणि बाजूच्या डायोडचे पाय खातो. त्या काळच्या जपानी सेटांचा हा घरचा रोग आहे. खरवडून काढावा लागतो, वेळखाऊ काम.

एक गोष्ट मात्र मला खटकतेय. मेकॅनिककडे आठ दिवस एकदाही झालं नाही. ड्राय सोल्डर असता तर रिक्षातल्या धक्क्यांनी आधीच वाढला असता.


नेत्रा_पार्ले
शनिवार, सकाळी ९:३५

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फार कळत नाही, बाबांचा सेट सांभाळते एवढंच, पण मला एक विचारायचं आहे. मस्कतचा अँप म्हणजे त्याला ती जाडी तीन चौकोनी पायांची पिन असणार. ती आपल्या भिंतीत बसत नाही. मग मधे काय लावलंय? आणि मेकॅनिककडे नेलंत तेव्हा ते मधलं पण नेलं होतं का?

आणि बल्ब नक्की कुठे लावला होता? त्या मधल्यात, की बोर्डावरच्या शेजारच्या पॉइंटमध्ये?


माहीमकर
शनिवार, सकाळी ९:५२

ताई...

मधे कन्व्हर्जन प्लग आहे. पांढरा, सगळ्या देशांच्या पिना बसतात तसा, त्याच्याच बाजूला अजून एक भोक आहे. मेकॅनिककडे नेला नव्हता, तो भिंतीतच राहिला होता, तिकडे त्याने स्वतःचं काहीतरी लावलं असणार. आणि बल्ब शेजारच्या पॉइंटमध्ये लावला होता.


नेत्रा_पार्ले
शनिवार, सकाळी ९:५५

मग बल्बने फक्त भिंत पास केली. मधला अजून परीक्षेला बसलाच नाही.


जुना_सोल्डर
शनिवार, सकाळी १०:२०

नेत्राताई, नमस्कार घ्या. इतकी वर्षं हेच काम करतोय आणि मी लिहिलं "अँपच्याच पॉइंटवर" आणि पुढे विचारलंच नाही. माहीमकर, अँप खोलू नका. बल्ब त्या कन्व्हर्जन प्लगच्या दुसऱ्या भोकात लावा. आणि आजच्या आज, पिन भिंतीतून काढून त्या प्लगचा वास घ्या.

त्या प्लगांचं काय असतं, सगळ्या पिना घ्यायच्या म्हणून आतली पितळी पट्टी कुठल्याच पिनेला नीट धरत नाही. सगळ्यांशी मैत्री, कोणाशीच लग्न नाही. त्यात ती गल्फची पिन जड, प्लग भिंतीतून खाली लोंबतो, वरची बाजू सैल होते. आत बारीक ठिणग्या उडतात, पट्टी काळी पडते, काळी पडली की अजून सैल. शिवाय बऱ्याच स्वस्तातल्यांत अर्थिंग जोडलेलंच नसतं, तिसरं भोक शोभेचं.


माहीमकर
शनिवार, रात्री ८:१०

मंडळी, सापडलं, आणि जसं सापडलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

प्लग काढला, वास घेतला, जळक्या प्लास्टिकचा. एका भोकाची कड पिवळसर-तपकिरी झालेली. तरी पुरावा हवा म्हणून सोल्डरकाकांनी सांगितल्याप्रमाणे बल्ब त्याच्या दुसऱ्या भोकात लावून संध्याकाळी बसलो. सात वाजून गेले, काही नाही. मग आई पाणी भरून आली. आमच्याकडे प्रेशर कमी, पंप चालू झाला की गॅलरीतलं पिंप भरतं, ते भरून ती घामाघूम होऊन हॉलमध्ये येते, टेबल फॅन लावते आणि त्याच्यासमोर बसते. रोज. आणि तो टेबल फॅन शोकेसच्या खालच्या फळीवर असतो. फॅन लावला, शोकेस थरथरायला लागली, अँपची वायर शोकेसच्या मागून भिंतीकडे ताणलेली आहे ती थरथरायला लागली, आणि तीन मिनिटांनी झिरोचा बल्ब लुकलुकला. टक. आईला म्हटलं फॅन बंद कर, ती म्हणाली तुझ्या गाण्यासाठी मी उकडून मरू का. शेवटी हाताने वायर जरा हलवली. बल्ब लुकलुक, टक. परत हलवली, परत टक. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि हसायला लागलो.

म्हणजे पंपाचा संबंध होता आणि नव्हता. पंप, मग आई, मग फॅन, मग शोकेस, मग वायर, मग प्लग. महिनाभर मी वॉचमनला छळत होतो.


बेसुरा_बंडू
शनिवार, रात्री ८:३०

आता मान्य, ब्लूटूथ स्पीकरमध्ये ही मजा नाही.


ठाण्याचा_खटपट्या
शनिवार, रात्री ९:१५

माझे "मी म्हटलं होतं" हे शब्द मागे घेतो. आता नवीन चांगला कन्व्हर्जन प्लग घ्या की ती पिनच कापून आपली लावा?


जुना_सोल्डर
रविवार, सकाळी ८:००

कापा. परत मधे काही नको. आधी वायर बघा, जर दोनच तारा असतील, आणि अँपच्या मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर तो डबल इन्सुलेशनचा आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला. तिसरी हिरवी-पिवळी असेल तर ती मोठ्या पिनेला लागलीच पाहिजे, तिला कापून टेप मारणारे पण मी बघितलेत. सहा अँपिअरची चांगल्या कंपनीची तीन पिन घ्या, ज्याला आपण पूर्वी पाचचा प्लग म्हणायचो तो. तारा स्क्रूखाली घालण्याआधी पिळून घ्या, आणि वायर जिथून आत जाते तिथला पट्टा आवळायला विसरू नका, नाहीतर उद्या परत फॅन आणि परत टक.

एक लक्षात ठेवा, त्या गल्फच्या म्हणजे ब्रिटिश पिनेच्या पोटात स्वतःचा एक फ्यूज असतो. पिन कापली की तो गेला. अँपच्या आत स्वतःचा फ्यूज असतो, तो छापलेल्या आकड्याचा आहे ना एवढं बघून घ्या, म्हणजे पिंट्यासारखं नको.

आणि भिंतीतलं सॉकेट पण बघून ठेवा हो. इतके दिवस जड प्लग लोंबत होता, त्याची पकड सैल झालेली असणार. नवीन पिन घातल्यावर डुगडुगली तर वायरमनला सांगून सॉकेट बदला, मेन बंद करून.


परळचा_पिंट्या
रविवार, सकाळी ८:४०

काका मी फ्यूज बदलला हो 😅


माहीमकर
दोन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ११:०५

अपडेट. पिन बदलली (दोनच तारा होत्या, चौकोनात चौकोन आहे), सॉकेट पण बदललं, चौदा दिवसांत एकही टक नाही, फॅन रोज चालू. काकाच्या नाट्यसंगीताच्या एलपी सलग ऐकल्या.

पण आता शांततेत एक दुसरंच ऐकू यायला लागलंय, आधी होतं की नाही माहीत नाही. आवाज अगदी हळू ठेवला, रात्री ठेवतो तसा, की डावा स्पीकर पहिली काही मिनिटं फरफरतो, कधी बंदच. आवाज एकदा जोरात वाढवला की 'फट' करून येतो आणि मग राहतो. हा टक नाही. हे काय आता?


जुना_सोल्डर
बुधवार, सकाळी ७:४०

हा मात्र तुमच्या रिलेचाच आहे, नाहीतर स्पीकर ए-बी सिलेक्टरचा (स्पीकरच्या दोन जोड्यांतली एक निवडायच्या बटनाचा). तुमच्या घरात देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात ना, खाडीच्या वासाने? तुम्ही माहीमला राहता म्हणून विचारतोय. रिलेच्या आतले पॉइंट चांदीच्याच मिश्रणाचे असतात. हवेतल्या गंधकाने काळे पडतात, वर खारी दमट हवा. थोडा करंट त्या थरातून जात नाही, आवाज वाढवला की थर फोडून जातो, म्हणून तो 'फट'. जोरात ऐकणाऱ्याला हा रोग कळतच नाही, हळू ऐकणाऱ्याला कळतो.

आधी फुकटचं करून बघा. अँप बंद करून ए-बी सिलेक्टर आणि टेप मॉनिटरचं बटन पंचवीसतीस वेळा दाबा-सोडा. मग स्पीकर बी वर लावून ऐका. बी वर चांगलं वाजलं तर सिलेक्टर, तिथेही तेच तर रिले. सिलेक्टर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा. साधं गंज काढायचं तेल मारू नका, ते तेलकट राहतं आणि धूळ धरतं.

रिले असेल तर सोडवून नवीन लावा. टोपीवर कॉइलचं व्होल्टेज लिहिलेलं असतं, बहुतेक २४, आणि पॉइंटचे अँपिअर, दोन्ही जुळले पाहिजेत, आणि पायांची ठेवण पण. कोणी म्हणेल टोपी काढून पॉलिश पेपरने घासा. नको. वरचा चांगला थर जातो आणि सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट. अगदीच घासायचं तर जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पॉइंटच्या मधून ओढा, तेही तात्पुरतं.


नेत्रा_पार्ले
बुधवार, दुपारी १:१०

आमच्याकडे हेच झालं होतं, रिले बदलला, पाच वर्षं झाली. फक्त फोटो काढून घ्या बोर्डाचा सगळं सोडवण्याआधी, दोन्ही बाजूंनी.


माहीमकर
रविवार, रात्री ९:५०

बी वर पण तेच, म्हणजे रिले. टेप मॉनिटरने दोन दिवस बरं वाटलं, ते मनाचे खेळ असावेत. टोपीवर २४ व्होल्ट लिहिलंय, फोटो काढलाय, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन घेतो, जुना रिले हातात घेऊनच जाईन. सोल्डरिंग एका मित्राकडून करून घेणार आहे, माझा हात थरथरतो.

तो कन्व्हर्जन प्लग मी टेबलावर ठेवला होता, इथे फोटो टाकायचा म्हणून. आज शोधतोय तर सापडेना. आईने स्वयंपाकघरात नेलाय, मामेबहिणीने अमेरिकेहून दिलेल्या चार्जरला बरोब्बर बसतो म्हणे. काढून घेतला, पाय तोडले आणि मगच कचऱ्यात टाकला.